सरळ रेघ

१

विकाऊ जीपखाली शिरलो तेव्हा मला फक्त गंज शोधायचा होता.

सकाळपासून आभाळ भरून होतं. पडत नव्हतं आणि हटतही नव्हतं. शेडमध्ये उजेड बेताचा, म्हणून टॉर्च घेऊन मी पाठीवर सरकत होतो. बाहेर माझी भाची उभी होती. ती गुरांची डॉक्टर. रस्ता जिथे संपतो तिथून पुढची गुरं तिच्या वाट्याला आलेली, त्यामुळे तिला चारही चाकं ओढणारी जुनी जीप हवी होती. आणि माझा उभा जन्म मोजणी खात्याच्या जीपा डोंगरात चालवण्यात गेला, त्यामुळे जीप बघायला तिला मी हवा होतो.

"मामा, आहात ना? का पाय धरून ओढू?"

"गुरांना ओढतेस तसं नको. गुडघे माझे आहेत."

गाडी दाखवायला त्या घरातला धाकटा भाऊ आला होता. पन्नाशीचा, बोलका माणूस. "बघा बघा, हवं तेवढं ठोकून बघा. म्हातारी आहे, पण घरंदाज आहे. असा पत्रा आता कुणी घालतं का? नुसती सावलीत उभी होती वर्षभर."

खोटं बोलत नव्हता. मी चौकटीच्या दोन्ही बाजू छोट्या हातोडीने वाजवत गेलो. सगळीकडे भरीव आवाज आला. गंज म्हणाल तर टपाच्या कोपऱ्यात आणि पायाखालच्या पत्र्याला. स्प्रिंगचे पाटे ताठ होते. इंजिनखाली तेलाचा डाग जुना, वाळलेला. एवढी चांगली गाडी एवढ्या पडत्या भावात का काढली, हेच मला टोचत होतं.

मग मागच्या ॲक्सलपाशी आलो आणि हात थांबला.

डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, नळीच्या पोटावर, तिरपा ओरखडा होता. पातळ सुरू होऊन पुढे खोल गेलेला, शेवटी काठाशी पत्रा दुमडलेला. जॅकचं डोकं असं ओरबाडतं. तेही गाडी जॅकवर असताना चालू लागली तरच.

"ही गाडी जॅकवरून पडलीय," मी खालूनच म्हणालो. "मागचं डावं चाक उचललेलं असताना."

मला फक्त पाय दिसत होते. भाचीचे बूट आणि धाकट्याच्या चपला. चपला एक पाऊल मागे सरकल्या. मग रबरी सपाता घातलेले आणखी दोन पाय आले, आणि बशीवर कप हलल्याचा आवाज झाला.

"पडली होती," एका मुलीचा आवाज म्हणाला. "खाली माझे बाबा होते."

मी तिथेच पडून राहिलो. तेवढ्याच जागेत तेव्हा तो माणूस पडला होता.

"हँडब्रेक लावायला मी विसरले होते," ती म्हणाली.

२

बाहेर येऊन कपडे झटकले. मुलगी पंचविशीची असेल. हातात चहाचा ट्रे तसाच.

"अगं, आल्या आल्या पाहुण्यांना काय हे," धाकटा म्हणाला.

"लपवायचं कशाला, काका? घेणाऱ्याला माहीत असायला हवं."

भाचीने कप घेतला आणि शांतपणे विचारलं, "काय झालं होतं?" जनावर बिथरलेलं असलं की ती याच आवाजात बोलते.

मुलीने सांगितलं. बरेचदा सांगून झालेलं असावं, कारण वाक्यं एकामागून एक तयार येत होती. सकाळी दुधाचे कॅन पोहोचवून तिने जीप आणली, तोंड आत करून शेडमध्ये लावली. शेडच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार आहे, धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून. बाबा म्हणाले, मागच्या चाकातून तेल पाझरतंय, आत्ताच उघडून बघतो. ती घरात गेली. बाबांनी चाकाचे नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं, खाली गेले.

"मग आवाज आला," ती म्हणाली.

"बाबांचा?"

"गाडीचा."

"आणि हँडब्रेक?"

"आईने बघितला. दांडा खाली होता."

तेव्हा ती गावची रुग्णवाहिका चालवायची. त्या दिवसानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. घर झाडायचं, आईचं बघायचं, एवढंच.

घराच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. सडपातळ, पदर घट्ट लपेटलेला. मुलीकडे न बघता ती म्हणाली, "भावजी, तिला म्हणावं कप घेऊन आत ये."

भावजींनी तसं म्हटलं. तीन पावलांवरची मुलगी ट्रे घेऊन आत गेली. घरात हीच पद्धत पडलेली दिसत होती. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण हात चालू ठेवले. हँडब्रेक ओढला. गच्च बसला. सोडायला बटण अंगठ्याने चांगलं दाबावं लागलं. आपोआप सुटणाऱ्यातला तो नव्हता. शेजारचा फोर-व्हीलचा दांडा बघितला, तर तो पुढे टाकलेला. म्हणजे जीप चारही चाकांवर जोडलेली होती. वर्षभर तशीच.

मग पुढच्या चाकांकडे गेलो. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हब असतो, आणि त्यावर वाटीच्या तोंडाएवढी चकती. ती हाताने फिरवायची. एका जागी चाक लॉक होतं, म्हणजे आतल्या दांड्याशी जोडलं जातं. पाव फेरा फिरवली की मोकळं, म्हणजे नुसतं गरगरणारं.

डावं लॉक होतं. उजवं मोकळं.

पुन्हा जाऊन दोन्ही बघितली. उजव्या चकतीपासून शेजारच्या नटापर्यंत कोळ्याचं जाळं होतं, धुळीने जाड झालेलं. अलीकडे कुणी तिला हात लावलेला नव्हता.

"काय झालं, मामा?" भाची जवळ येऊन हळूच म्हणाली. "तोंड का असं?"

"दोन्ही लॉक ठेवतात, नाहीतर दोन्ही मोकळी. एक असं आणि एक तसं कुणी ठेवत नाही. एका पायात बूट घालून कुणी निघतं का?"

"मग?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो अंगणात उभा राहून सिगारेट पेटवत होता. काडी दोनदा विझली.

"मग," मी म्हणालो, "त्या पोरीने हँडब्रेक लावला होता."

३

गाडीची बॅटरी मेलेली आहे, वळणावरच्या फिटरकडून एखादी आणतो, असं सांगून आम्ही निघालो. भाचीने रस्त्याला लागेपर्यंत दम धरला.

"आता बोला."

"जीप उतारावर उभी. हँडब्रेक नसता तर ती पोरगी उतरताक्षणी मागे चालू लागली असती. ती थांबली. त्या माणसाने नट सैल केले. पान्यावर पाय देऊन उभं राहावं लागतं त्याला, सबंध गाडी हलते. तरी थांबली. चाक जमिनीवरून उठलं, तेव्हा निघाली. म्हणजे तोवर तिला कशाने तरी धरलेलं होतं."

"मग उठल्यावर का सोडलं?"

"या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही. मागच्या चाकांकडे जो शाफ्ट जातो, त्याला धरतो. दोन्ही चाकं जमिनीवर असली की गाडी गच्च. एक उचललं, की तराजूसारखं होतं. वरचं चाक एकीकडे फिरतं, खालचं दुसरीकडे, आणि शाफ्ट जागचा हलत नाही. हँडब्रेक ओढलेला आणि गाडी चालती."

"हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं?"

"होतं. म्हणून तर फोर-व्हील टाकलेलं. तसं केलं की पुढची चाकंही त्याच ब्रेकला बांधली जातात. पण दोन्ही लॉक हवीत. एक मोकळं राहिलं की पुढेही तोच तराजू."

"म्हणजे कुणीतरी एक मोकळं केलं."

"किंवा ठेवलं."

वळणावरचा फिटर ठेंगणा, मोठ्या आवाजाचा माणूस. जीपचं नाव काढताच आवाज खाली आला.

"थोरल्याची जीप? घेऊ नका असं मी म्हणणार नाही. गाडी सोनं आहे. पण तिचं मला काम सांगू नका."

भाचीने स्टूल ओढलं आणि बसली. तिला बसलेलं बघून माणसं बोलतात, हे मी पूर्वीही बघितलंय.

"हबना शेवटचा हात कुणी लावला?" मी विचारलं.

"मीच. आदल्या दिवशी. ग्रीस भरलं, दोन्ही लॉक केली आणि पाठवली. थोरला कायम लॉकच ठेवायचा."

"विसर पडला नसेल ना?" भाची म्हणाली.

"बाई, रेघ मीच पाडलीय त्या हबना. वरची अक्षरं झिजली होती, म्हणून कानशीने पाडली, आणि थोरल्याला सांगितलं, रेघ सरळ असली की लॉक. माझ्यादेखत त्याने खाली वाकून दोन्ही बघितली."

"चाकाखाली दगड का नव्हते लावले त्यांनी?"

फिटर खिन्न हसला. "आम्ही चिडवायचो त्याला. तो म्हणायचा, दगड तुमच्या गाड्यांना लावा, माझी चारही पायांनी जमीन धरते."

"तुम्ही पोहोचलात तेव्हा तिथे कोण होतं?"

"धाकटा. बोंब त्याचीच ऐकू आली. आम्ही तिघं-चौघं धावलो, मागून गाडी उचलून धरली, आणि त्याने भावाला ओढून काढलं. तोवर वहिनी मागच्या अंगणातून आल्या. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाल्या, हँडब्रेक लावलाच नाही हिने. आम्ही सगळ्यांनी बघितला. खालीच होता दांडा."

भाचीने माझ्याकडे बघितलं. पोरीने ओढलेला दांडा. आपोआप न सुटणारा. मधल्या वेळात तिथे एकच माणूस.

"धाकटा तेव्हा काय करत होता, तुम्ही येण्याआधी?" तिने विचारलं.

"एकटाच गाडी ढकलत होता," फिटर म्हणाला. "येड्यासारखा."

४

बॅटरी घेऊन परतताना भाची म्हणाली, "दांडा काकाने खाली केला. ते ठीक. ढकलायला सोडला असेल. पण वर्षभर गप्प का? आणि हब?"

"हबही त्याचाच असेल."

"असेल नको, मामा. बिचारी पोरगी 'असेल'वरच मेलीय."

तिचं बरोबर होतं. एक चकती पाव फेरा फिरवायला जाणतेपण लागत नाही. धाकटा, मुलगी, आई, खुद्द थोरला, फिटरही, कुणीही फिरवू शकलं असतं. जाणूनबुजून करायचं असतं तर दोन्ही मोकळी केली असती. एकच का?

हाच प्रश्न धरून आम्ही शेडमध्ये आलो. भाचीने उगाच गिऱ्हाइकासारखं केलं. "मला यातलं काही कळत नाही. उद्या चिखलात अडकले तर हब लॉक आहे की नाही, हे मी ओळखायचं कसं?"

मुलगी म्हणाली, "रेघ सरळ असली की लॉक."

दारातून आई म्हणाली, "मला काय त्यातलं? हे म्हणायचे, रेघ सरळ हवी."

धाकटा म्हणाला, "सोपं आहे, ताई. रेघ सरळ की लॉक. दादाने मला शिकवलेली ती एकच गोष्ट डोक्यात राहिली."

तिघांचं एक उत्तर. फिटरचंही तेच. मला वाटलं, संपलं. सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणजे कुणाचीच चूक नाही, म्हणजे बोट ठेवायला जागा नाही. मी आपला फडक्याने हात पुसत बसलो.

भाची काही हटली नाही. "माझी गुरं बोलत नाहीत," ती म्हणाली. "आणि मालक भलतंच बोलतात. म्हणून मी म्हणते, कुठे दुखतं ते सांगू नका, हात ठेवून दाखवा. मला दाखवा ना, सरळ म्हणजे कशी?"

मुलीने दोन्ही हातांच्या तर्जनी पुढे केल्या, आणि एकीच्या टोकाला दुसरीचं टोक लावलं. एक लांब रेघ झाली.

"चकतीवर एक आणि बाहेरच्या कड्यावर एक," ती म्हणाली. "दोन्ही एका ओळीत आल्या की सरळ."

धाकट्याने एकच बोट दाखवलं. ते त्याने छपराकडे उभं धरलं.

५

माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं, आणि बसलं त्याचा आनंद झाला नाही.

चाक फिरतं, तशी त्याच्यावरची रेघही फिरते. गाडी जिथे थांबेल तशी ती उभी राहील, आडवी पडेल, तिरपी होईल. तिचा लॉकशी काही संबंध नाही. संबंध फक्त कड्यावरच्या दुसऱ्या रेघेशी. ज्याला हे माहीत आहे तो दोन्ही चकत्या फिरवेल किंवा एकही फिरवणार नाही. एकच फिरवेल तो, ज्याला एक रेघ उभी दिसली आणि दुसरी आडवी.

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"हात लावा जरा," मी धाकट्याला म्हणालो. "हँडब्रेक सोडतो, थोडी पुढे घेऊ." तिघांनी मिळून जीप ढकलली. डाव्या चकतीची रेघ आडवी आली तिथे मी हँडब्रेक ओढला. उजवीकडची जवळजवळ उभीच होती.

"आता तेवढी दोन्ही हब लॉक करून द्या. बॅटरी जोडतो, एक चक्कर मारू."

"हे काय, आत्ता," तो म्हणाला. उजव्या चाकापाशी वाकला, चकतीकडे बघितलं. "ही आहेच." डावीकडे आला. गुडघ्यावर बसला, चकती पाव फेरा फिरवली. रेघ छपराकडे तोंड करून उभी राहिली. "झालं. दोन्ही लॉक."

मुलगी माझ्या मागे उभी होती.

"काका," ती म्हणाली, "लॉक होतं ते तुम्ही मोकळं केलंत."

"काहीतरीच काय? सरळ आहे की."

हँडब्रेक सोडला आणि उतारावर गाडी हातभर मागे येऊ दिली. चाक फिरलं, आणि त्याने उभी केलेली रेघ त्याच्या डोळ्यांसमोर हळूहळू कलंडत आडवी झाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग पुढे होऊन कड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. खालची दुसरी रेघ त्याला पहिल्यांदाच दिसली असावी.

"त्या दिवशी," तो म्हणाला आणि थांबला.

"त्या दिवशी उजवीकडची," भाची म्हणाली.

"दादा जॅक काढत होता. म्हणाला, रेघ सरळ आहे ना रे दोन्हीकडे? म्हटलं, डावीकडची आहे, उजवीकडची करतो." तो तसाच गुडघ्यावर बसून बोलत होता. "तो म्हणाला, कर. कुणीतरी चाळवली असेल."

आई शेडच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. कधी आली ते कळलं नाही.

"आणि हँडब्रेक?" भाचीने विचारलं. आवाज अजून तोच, शांत.

त्याने वहिनीकडे बघितलं. "वर होता. मी आलो तेव्हा दांडा वर होता. दादाचे डोळे उघडे होते. मी गाडी ढकलून बघितली, हलेना. मग आत हात घालून दांडा सोडला. सोडल्यावर गाडी पुढे जायच्या आधी मागे आली. चार बोटं आली असेल. पण आली. मग पुन्हा बघितलं तर..." त्याने हात हवेत फिरवला. "मला वाटलं, तोवर तो होता. मीच घालवला."

"म्हणून गप्प बसलास," आई म्हणाली. इतके दिवस ती त्याला भावजी म्हणत होती.

"सांगणार होतो, वहिनी. तुम्ही हिचं नाव घेतलंत तेव्हाच सांगणार होतो. मग म्हटलं रात्री सांगू. मग सगळी माणसं आली. मग ती स्वतःच म्हणायला लागली, मी विसरले असेन. मग कसं सांगायचं ते कळेना." तो चाकाकडे वळला. "पण हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ, हे हबचं नव्हतं ठाऊक."

त्याच्यावर विश्वास ठेवायला मला काही अडचण आली नाही. ठाऊक असतं तर त्याने आज आमच्यासमोर ती चकती फिरवली नसती.

"ते तेव्हा होते का हो?" आईने भाचीला विचारलं. "चार बोटं मागे आली तेव्हा?"

"मला नाही सांगता येणार," भाची म्हणाली. "आता कुणालाच नाही."

६

पाऊस शेवटी सुरू झाला, बारीक, आवाज न करता. आम्ही अवजारं गोळा करत होतो. अशा वेळी हातांना काहीतरी काम लागतं.

आई मुलीसमोर जाऊन उभी राहिली. मधे कुणी नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस? लावला होता म्हणून?"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मला आठवत नाही."

"तू म्हणालीस, मग दांडा खाली कसा? मी त्याचा विचार करत बसले. मग मलाही वाटायला लागलं, खाली कसा?"

आईने हात पुढे केला. तो मुलीच्या खांद्यापर्यंत पोहोचला नाही, मधेच राहिला. मुलगी वळून घरात गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली असेल. ती थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती. फार भरलेली नव्हती.

"मला स्टँडपर्यंत सोडाल?" तिने भाचीला विचारलं.

"आज?" आई म्हणाली. "आज कशाला? आता तर काही..." तिला पुढचा शब्द सापडला नाही.

"मी इथे राहत होते, कारण तू माझ्यामुळे एकटी झालीस असं वाटायचं," मुलगी म्हणाली. रागाने म्हणाली नाही. "आता तसं नाही."

"मग मी आता कुणामुळे एकटी होतेय?"

मुलीने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "मी फोन करीन," ती म्हणाली.

शेडमध्ये धाकटा अजून चाकापाशीच होता. उभा राहिला होता, पण तिथून हलला नव्हता. जाता जाता मुलगी त्याच्याजवळ थांबली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फार बोलली नसावी. त्याने मान वर केली नाही.

आम्ही तिघं निघालो. मी चालवत होतो, भाची शेजारी, मुलगी मागे. काचेवर पाणी साचत होतं आणि वायपर ते पुसत होता.

"गाडीचं काय ठरलं तुमचं?" मुलीने विचारलं.

"बघू," भाची म्हणाली.

"घ्या. तिच्यात काही वाईट नाही."

फिटरचं वळण मागे पडलं. मग ती पुन्हा बोलली, या वेळी मला उद्देशून.

"मामा, हबचं त्यांना दाखवायलाच हवं होतं का?"

मी गिअर बदलला.

"हँडब्रेकचं काकांनी लपवलं, ते त्यांनी कबूल करायला हवंच होतं," ती म्हणाली. "पण हबचं त्यांना ठाऊकच नव्हतं. आता ते रोज रात्री तिथे बसून ती चकती फिरवतील. मला माहीत आहे ते कसं असतं."

"नुसता हँडब्रेक लावला होता म्हटलं असतं तर तुझ्या आईला पटलं नसतं," भाची म्हणाली. "मग गाडी सुटली कशी, हे तिने विचारलंच असतं. तिला कारण लागलं असतं."

"तिला लागलं असतं," मुलगी म्हणाली. "मला तेवढंच पुरलं असतं."

स्टँडवर ती उतरली, बॅग घेतली, आणि पहिली जी बस लागलेली होती तिच्याकडे, पाटी न वाचता, चालत गेली.